"जीव लावून खेळतच नाही हो!"

सोलापुरात जानेवारीतली सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा संपली की दहावी-बारावीची धास्ती घराघरांत शिरते. मग माझ्यासारख्या समुपदेशकाकडे पालक येतात ते एकच तक्रार घेऊन: "हुशार आहे, पण मन लावून काही करत नाही." खेळणाऱ्या मुलांचे पालकही हेच म्हणतात. म्हणून एका खो-खो खेळाडूची गोष्ट सांगते. ओळख पटू नये यासाठी तपशील बदलले आहेत.

वडील यंत्रमागावर टॉवेल विणणारे. "मॅडम, अंगात लई दम हाय तिच्या. पण मागच्या वर्षापासनं जीव लावून खेळतच नाही. आळशी झालीय." मुलगी शेजारी मान खाली घालून बसलेली.

पहिल्या काही भेटींत "हो", "नाही", "माहीत नाही" यापलीकडे ती गेली नाही. मी उपदेश टाळला आणि खेळाबद्दलच विचारत राहिले. पळणारी मुलगी हातभर पुढे असताना अंग झोकून सूर मारायचा, ही तिची खासियत होती.

"शेवटचा सूर कधी मारलास?"

"आठवत नाही."

"गुडघा दुखतो का?"

"नाही. डॉक्टरांनी बघितलंय."

"मग?"

ती बराच वेळ गप्प होती. मीही गप्प राहिले. अशा वेळी घाई केली की मूल सोपं उत्तर देऊन मोकळं होतं. मग म्हणाली, "निवड चाचणीत सगळं दिलं होतं मॅडम, तरी यादीत नाव नव्हतं. आता सूर मारला नाही आणि समोरची सुटली, तर म्हणता येतं, मारला असता तर मिळाली असती. मारूनही सुटली तर काय म्हणू?"

वडील ज्याला आळस म्हणत होते, ती भीती होती. स्वतःची किंमत उघडी पडू नये म्हणून मुलं प्रयत्नच राखून ठेवतात. पेपर अर्धा सोडणारा हुशार मुलगाही हेच करत असतो. इतक्या वर्षांच्या अनुभवानं मला ही राखण आता लवकर ओळखता येते, आणि त्याचं मला समाधान आहे.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विचारांवर माझं काम उभं आहे. अपयशापेक्षा आपण त्यावरून स्वतःवर मारलेला शिक्का जास्त अडवतो, असं मी मानते. हे तिला सांगण्याऐवजी मी बीडचा धावपटू अविनाश साबळे याच्या दोन शर्यती तिच्यापुढे ठेवल्या. 2022 च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत 3000 मीटर स्टीपलचेसमध्ये, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीत, 8 मिनिटं 11.20 सेकंद आणि रौप्यपदक, सुवर्ण 0.05 सेकंदानं हुकलं. जुलै 2024 मध्ये पॅरिसच्या डायमंड लीगमध्ये 8 मिनिटं 09.91 सेकंद, नवा राष्ट्रीय विक्रम, पण क्रमांक सहावा.

"यातली जास्त चांगली शर्यत कोणती?"

"पॅरिसची," ती लगेच म्हणाली. मग थबकली. "पण पदक दुसरीला. म्हणजे... नंबर बाकीचे कसे पळतात त्यावर पण असतो."

हे तिच्या तोंडून यायला हवं होतं. मी सांगितलं असतं तर ते प्रवचन झालं असतं.

पुढचं काम साधं होतं. सरावानंतर तिनं वहीत दोनच गोष्टी लिहायच्या: सूर मारायची संधी किती वेळा आली आणि किती वेळा मारला. गडी मिळाला की नाही, ते लिहायचं नाही. वडिलांनी घरी आल्या आल्या "किती गडी मारले?" विचारणं बंद करायचं. त्यांना ते जड गेलं. "मग निकालाला किंमतच नाही का मॅडम?" आहे ना. सराव कुठे कमी पडतोय ते निकालच दाखवतो. पण पोरीची लायकी त्यावरून ठरवायची नाही.

ती पुन्हा सूर मारायला लागली. पुढच्या चाचणीतही नाव आलं नाही. या वेळी मात्र तिनं सरांना जाऊन विचारलं, काय कमी पडलं? खो द्यायला वेळ लागतो, असं कळलं. सध्या त्यावर काम चालू आहे.

पालकांनो, सर्वस्व देणं म्हणजे रोज तेवढंच देणं नव्हे. अपुरी झोप, पाळी, परीक्षा यांनी त्या दिवसाची ताकद बदलते. त्या दिवशी असेल तेवढं दिलं की पुरे. सामन्यानंतर गाडीवर चुकांचा पाढा आणि झालेला खर्च, दोन्ही नको. "शेवटच्या मिनिटालाही तू मागे वळून पळालीस" असं नेमकं दिसलेलं सांगा. आणि मूल खेळ टाळण्याबरोबर जेवण, झोप, मित्रही टाळू लागलं, तर त्याला प्रयत्नांची कमतरता समजू नका. लवकर तज्ज्ञांना दाखवा.