दुपारचा खोकला, द्राक्षाच्या पानांवरचे ठिपके आणि जमिनीलगतचा ओझोन

प्रश्न (तासगाव तालुका) : खरड छाटणीनंतर (द्राक्षवेलीची उन्हाळ्यातली छाटणी) बागेत काडी बांधायची कामं चालू आहेत. दुपारी बायकांचा घसा खवखवतो, कोरडा खोकला येतो, खोल श्वास घेतला की छातीत दुखतं. आठवडाभर फवारणी नाही. जुन्या पानांवर बारीक तपकिरी ठिपकेही दिसतात. कुणी म्हणतं ओझोन. पण ओझोन तर आपल्याला वाचवतो ना?

प्रश्न (वाळवा तालुका) : उसाचं पाचट (तोडणीनंतर रानात उरलेला वाळका पाला) सकाळी पेटवलं तर दुपारपर्यंत धूर निघून जातो. मग त्याचा त्रास कसा?

उत्तर : वाचवणारा ओझोन आकाशात फार उंचावर, साधारण १५ ते ३५ किलोमीटरच्या पट्ट्यात असतो आणि सूर्याचे अतिनील किरण अडवतो. तोच वायू आपण श्वास घेतो त्या हवेत वाढला की फुप्फुसाच्या आतल्या अस्तराला इजा करतो. तो कुठल्या धुराड्यातून थेट बाहेर पडत नाही. वाहनं, बॉयलर, वीटभट्ट्या आणि जाळलेलं पाचट यांतून नायट्रोजनचे ऑक्साइड आणि बाष्पनशील (सहज वाफ होऊन हवेत मिसळणारे) सेंद्रिय वायू निघतात. कडक उन्हात त्यांची रासायनिक क्रिया होऊन ओझोन तयार होतो.

वाळव्याच्या दादांच्या प्रश्नाचं उत्तर यातच आहे. डोळ्यांना दिसणारा धूर गेला तरी हे वायू हवेत राहतात आणि दुपारच्या उन्हात त्यांचाच ओझोन होतो. म्हणून आपल्याकडे मार्च ते मे जपायचं, त्यातही दुपारी बारा ते चार. पावसाळी ढग आले की जोर कमी होतो. आणखी एक गोष्ट बऱ्याच जणांना पटत नाही. गाड्यांच्या गर्दीत ताज्या धुरातला नायट्रिक ऑक्साइड ओझोनला खाऊन टाकतो, म्हणून शहरापासून वाऱ्याच्या दिशेला असलेल्या रानात ओझोन शहरातल्यापेक्षा जास्त भरू शकतो. गावात गाड्या कमी म्हणून हवा चांगलीच, असं धरून चालू नका.

तासगावच्या ताई, तुम्ही सांगितलेली लक्षणं ओझोनच्या त्रासाशी जुळतात, पण आधी दोन गोष्टी बघा. जवळ बेदाण्याचं शेड असेल तर गंधकाच्या धुरीनेही असाच खोकला येतो. आणि शेजारच्या बागेत फवारणी झाली असेल व कुणाला लाळ सुटणे, दरदरून घाम, मळमळ, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होणे असं काही दिसलं, तर ती विषबाधा असू शकते. तिथे ओझोनचा विचार करत बसू नका. औषधाच्या बाटलीचं लेबल सोबत घेऊन ताबडतोब दवाखाना गाठा.

ओझोन पाण्यात फारसा विरघळत नाही, म्हणून नाक-घशात न अडकता फुप्फुसात खोल जातो. कष्टाच्या कामात माणूस तोंडाने मोठे श्वास घेतो, त्यामुळे घरात बसलेल्यापेक्षा रानातल्या मजुराच्या फुप्फुसात तो कितीतरी जास्त पोचतो. दमा असलेल्यांना, लहान मुलांना आणि म्हाताऱ्या माणसांना धोका अधिक. २००९ च्या राष्ट्रीय मानकांनुसार त्याची मर्यादा ८ तासांच्या सरासरीला १०० आणि एका तासाला १८० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर आहे.

तोंडाला बांधलेला रुमाल किंवा धुळीचा मास्क ओझोन अडवत नाही, कारण तो वायू आहे. खरा उपाय कामाच्या वेळेत आहे. अंगमेहनतीचं काम सकाळी लवकर उरका, दुपारी सुट्टी द्या, उरलेलं ऊन कलल्यावर करा. बागमालकांना माझी कळकळीची विनंती : वेळ बदलली म्हणून बायकांची हजेरी कापू नका. दम्याचा पंप घरी नको, रानात जवळ हवा. सावलीत बसूनही धाप कमी होत नसेल तर डॉक्टरांना दाखवा.

आता पानं. द्राक्षवेलीवरचे असे ठिपके ओझोनमुळे पडतात, हे कॅलिफोर्नियात १९५८ साली दाखवलं गेलं. ते जुन्या पानांच्या वरच्या बाजूला, शिरांच्या मधल्या भागात येतात. शिरा हिरव्या राहतात. खालच्या बाजूला पांढरी बुरशी दिसली तर तो केवडा रोग, जाळी आणि बारीक किडे दिसले तर लाल कोळी ही कीड. दोन्ही नसेल तर बुरशीनाशकावर पैसे घालू नका. ओझोनवर फवारायचं औषध नाही.

पाचट मात्र पेटवू नकाच. खोडव्यात (तोडलेल्या उसाच्या बुडख्यांतून पुन्हा फुटणाऱ्या पिकात) ते सरीत पसरून हेक्टरी ८० किलो युरिया, १०० किलो सुपर फॉस्फेट आणि १० किलो पाचट कुजवणारं जिवाणू संवर्धन टाकून पाणी द्या. एका हेक्टरात ८ ते १० टन पाचट निघतं. तेवढा सेंद्रिय माल काडी ओढून हवेत घालवायचा आणि त्याच हवेत बायकापोरांनी श्वास घ्यायचा, हे मला अजिबात पटत नाही.

ठिपक्यांबद्दल शंका राहिली तर जुनी व कोवळी अशी चार-पाच पानं कोरड्या वर्तमानपत्रात गुंडाळून तालुका कृषी कार्यालयात आणा. ओल्या प्लास्टिकच्या पिशवीत ती कुजतात आणि मग निदान होत नाही.