केनिया, युगांडा आणि टांझानिया एकाच व्हिसावर फिरता येतील का?

नाही, टांझानिया त्यात बसत नाही. ईस्ट आफ्रिका टुरिस्ट व्हिसा फक्त केनिया, युगांडा आणि रवांडा या तिघांचा. 100 डॉलर, 90 दिवस, या तिघांत हवं तितकं ये-जा करा. अर्ज मात्र ज्या देशात आधी उतरणार, त्याच्याकडेच करायचा.

खरी गोची इथे होते: केनियातलं मसाईमारा बघून टांझानियातल्या सेरेंगेटीला गेलात की तुम्ही या तिघांच्या बाहेर पडलात, आणि तो व्हिसा तिथेच संपला. मग परत युगांडाला जायचं तर नव्याने पैसे. म्हणून टांझानिया शेवटी ठेवा, आणि त्याचा ई-व्हिसा वेगळा काढा. नकाशावर मसाईमारा आणि सेरेंगेटी अगदी चिकटून दिसतात; त्यालाच लोक भुलतात. फक्त केनियाच करणार असाल तर व्हिसाची भानगडच नाही, जानेवारी 2024 पासून ऑनलाइन ईटीए (प्रवासाची इलेक्ट्रॉनिक परवानगी) पुरतो.

आणि पीतज्वराची लस! प्रवासाच्या किमान 10 दिवस आधी घ्या. पिवळं कार्ड, म्हणजे त्या लसीचं प्रमाणपत्र, हँडबॅगेतच ठेवा, कारण परतताना मुंबई विमानतळावरही ते मागतात. नसेल तर 6 दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात.