बाबांना दादाच दिसतो

"मॅडम, कितीही करा, बाबांना दादाच दिसतो." इंदूरात हे मी इतक्यांदा ऐकलंय की आता समोरचा बसायच्या आधीच ओळखू येतो. राजेंद्र नगरचा असो की तिलक नगरचा, बहुतेक धाकटा, आणि बहुतेक आईबाबांजवळ राहिलेला तोच. मी समुपदेशक, त्यातही मानसशास्त्रज्ञ आल्फ्रेड ॲडलरला मानणारी (तो स्वतः दुसरा मुलगा, मोठ्या भावाचं नाव फ्रॉइडसारखंच सिग्मंड, बघा!), त्यामुळे काय घडलं यापेक्षा त्या घडण्याचा माणूस काय अर्थ लावतो तिकडे माझं जास्त लक्ष असतं.

हा सियागंजातला व्यापारी, ओळख कळू नये म्हणून तपशील बदललेत. मोठा बंगळुरूला. भर मे महिन्यात यानं बाबांच्या खोलीत एसी लावला तर बाबा म्हणे, "दादा कसा आधी विचारतो, तुझं सगळं आपल्या मनानं." रिमोट अजून पिशवीतच आणि कूलर घरघरतोय. सांगताना हसला आणि मग मोबाइल पुढे केला, फॅमिली ग्रुपवर टाइप करून ठेवलेला मेसेज. दादाचे ऑप्शन ट्रेडिंगमध्ये पैसे बुडालेत, दादानं विश्वासानं फक्त यालाच सांगितलेलं.

"पाठवू?"

वाचणारा माणूस, म्हणून मी सरळ स्टाइनबेकची 1952 ची 'ईस्ट ऑफ ईडन' काढली. बापाचं लेट्यूसच्या धंद्यात नुकसान झालेलं, ते भरून द्यायला कॅल 15,000 डॉलर आणतो. पहिल्या महायुद्धात चढ्या दरानं घेवडा विकून कमावलेले, म्हणून बाप घेत नाही, ते एक वेळ समजू शकतं, पण त्याच दमात तो दुसऱ्या मुलाचं, ॲरनचं कौतुक काढतो. (आईबाबांनो, नको असेल तर नको म्हणा, त्या वाक्यात भावाचं नाव कशाला?) त्यावर कॅल ॲरनला घेऊन जातो थेट आईच्या कुंटणखान्यात, जी मेली असं ॲरन समजत होता. ॲरन सैन्यात भरती होतो आणि युद्धात मरतो.

"बापाचं चुकलंच," तो म्हणाला.

"चुकलं. पुढे?"

"पण भावाला तिथं न्यायला बापानं नव्हतं सांगितलं."

हे त्याचं त्याला सुचलं, आणि खरं सांगते मला फार बरं वाटलं, कारण इतक्या भेटी आम्ही "बाबा असे का" यातच अडकलो होतो. मग मी बायबलातला काइन सांगितला, ज्याच्यावर ही कादंबरी बेतलीय. देवानं भावाचं अर्पण स्वीकारलं आणि त्याचं का नाकारलं याचं कारण तिथं सरळ दिलेलंच नाही, पण नाकारल्यानंतर आणि भावाला मारण्याआधी देव त्याला सावध करतो, की पाप दाराशी बसलंय, तू त्याला काबूत ठेव. लोकांना खून लक्षात राहतो, ही मधली जागा कुणाच्या लक्षात राहत नाही. माझं सगळं काम तिथंच चालतं. "का नाकारलं"चं उत्तर कदाचित कधीच मिळणार नाही, आणि त्यावाचून काही अडत नाही.

मेसेज उडव असं मी म्हटलं नाही. पुढच्या वेळी आला तेव्हा दादाला फोन करून कर्ज किती ते विचारून झालेलं. एसी मात्र बंदच.

आता बायकोला घेऊन येतो. एसीच्या पैशात तिला स्वयंपाकघराचा ओटा करून घ्यायचा होता, पण तिला कुणी विचारलंच नव्हतं.