वरणाचं पाणी नको, वरण द्या

प्रश्न: आमची मुलगी साडेपाच महिन्यांची आहे. आम्ही म्युनिकजवळ राहतो. इथल्या बालरोगतज्ज्ञ गेल्या तपासणीपासूनच सांगताहेत की गाजर, बटाटा आणि मांस शिजवून त्याचा लगदा सुरू करा. आम्ही शाकाहारी. अमेरिकेतली नणंद म्हणते, सहा महिने पुरे होईपर्यंत दुधाशिवाय काही देऊ नकोस. सासूबाई पुढच्या महिन्यात येताहेत. त्यांचं म्हणणं, पाचव्या महिन्यातच उष्टावण उरकायला हवं होतं, आता निदान पेज आणि वरणाचं पाणी तरी सुरू करा. बाळगुटीची पिशवीही त्यांनी बॅगेत भरून ठेवली आहे. कोणाचं ऐकू?

उत्तर: आधी डॉक्टर आणि नणंद यांचं भांडण मिटवू, कारण ते दिसतं तेवढं मोठं नाही. जर्मनीत पाचव्या महिन्याच्या सुरुवातीपासून सातव्या महिन्याच्या सुरुवातीपर्यंत कधीही वरचं अन्न सुरू करा, असं सांगतात. जागतिक आरोग्य संघटना सहा महिने पूर्ण झाल्यावर म्हणते. ब्रिटन आणि अमेरिकेतले डॉक्टर ‘साधारण सहा महिने’ म्हणतात. चार महिन्यांच्या आत सुरू करा असं यातलं कोणीच सांगत नाही आणि सहा महिन्यांनंतर फार रेंगाळा असंही कोणी म्हणत नाही. तुमची लेक साडेपाच महिन्यांची आहे, म्हणजे उशीर झालेला नाही आणि घाईही नाही.

तारखेपेक्षा बाळाकडे बघा. थोडा आधार दिला की बसता येतं का? मान स्थिर राहते का? समोरची वस्तू बघून, उचलून नेमकी तोंडात घालता येते का? आणि ओठाला लावलेला घास जिभेने बाहेर न ढकलता आत घेऊन गिळते का? ही चारही उत्तरं ‘हो’ आली की सुरू करा. सगळा घास हनुवटीवरच येत असेल, तर आठवडाभर थांबून पुन्हा बघा. मुठी चोखणं, रात्री जास्त वेळा उठणं, तुमच्या ताटाकडे टक लावून बघणं या गोष्टींना आपण ‘आता भूक लागतेय हं तिला’ म्हणतो, पण तेवढ्यावर काही ठरवू नका. बाळ वेळेआधी जन्मलेलं असेल, तर कधी सुरू करायचं ते डॉक्टरांनाच विचारा.

उष्टावण मुलीचं विषम महिन्यात आणि मुलाचं सम महिन्यात, ही आपली रीत. बाळाच्या तोंडाला मुलगा-मुलगी कळत नाही. पण समारंभाची हौस जरूर करा. मामा दुसऱ्या देशात असेल तर व्हिडिओ कॉलवर बसवा, घास आजीने भरवला तरी चालेल. खिरीचं एक बोट लागल्याने काही बिघडत नाही, तेवढ्यावरून घरात वाद नकोत.

वाद घालायचाच असेल तर वरणाच्या पाण्यावरून घाला. पिढ्यान्‌पिढ्या आपण बाळांना डाळ शिजली की वरवरचं पाणी निथळून देतो, कारण ते ‘हलकं’. हलकं आहे, कारण त्यात फारसं काही नाहीच. डाळीतली प्रथिनं आणि लोह बहुतेक भांड्याच्या तळाशी राहतात आणि ते वरण आपण मोठी माणसं खातो. सात किलोच्या बाळाच्या पोटात एका वेळी जेमतेम 200 मिलिलिटर मावतं. ती जागा पाण्याने भरली, तर दूधही कमी जातं आणि अन्नही मिळत नाही. पेजेचं तेच. आजारपणात पेज ठीक आहे, पण रोजचं जेवण म्हणून ती फार पातळ.

घट्टपणा ओळखायला चमचा पुरतो. चमचाभर अन्न घेऊन तो तिरका करा. अन्न चटकन ओघळलं तर ते पातळ आहे. चमच्याला धरून राहिलं आणि मग हळूच घसरलं, तर बरोबर. पहिले दोन-चार दिवस आईच्या दुधात किंवा फॉर्म्युलात थोडं सैल करून द्या हवं तर, पण लगेच दाट करत न्या.

मुगाची डाळ आणि तांदूळ कुकरमध्ये एकत्र, नेहमीपेक्षा दोन शिट्ट्या जास्त. कुकर उतरला की वाटीत घेऊन चमच्याच्या पाठीने दाबत कुस्करा, वरून अर्धा चमचा तूप. मीठ नको. हे तुमच्या लेकीचं पहिलं जेवण म्हणून म्युनिकमध्येही उत्तम आहे. किंवा खिमटी करा: तांदूळ आणि मूगडाळ धुऊन, वाळवून, खमंग भाजून भरड दळून ठेवायचं आणि लागेल तसं शिजवायचं. सुरुवातीला एका वेळी दोन-तीन चमचे, दिवसातून दोनदा-तीनदा. आठ महिन्यांच्या सुमाराला हे प्रमाण अर्ध्या कपापर्यंत, म्हणजे सव्वाशे मिलिलिटरच्या आसपास जातं. तोवर मुख्य अन्न दूधच. पाणी जेवणाबरोबर घोट-दोन घोट, उघड्या कपातून. गाईचं दूध स्वयंपाकात थोडं वापरलं तर चालतं, दहीही चालतं, पण प्यायचं दूध म्हणून ते वर्ष झाल्यावरच.

आता मांसाकडे वळू. तुमच्या डॉक्टर मांसाचा आग्रह धरतात तो लोहासाठी. दिवस पूर्ण भरून जन्मलेल्या बाळाच्या अंगात लोहाचा साठा असतो, तो सहा महिन्यांच्या आसपास संपत येतो, आणि आईच्या दुधात लोह फारच कमी. अमेरिकेतल्या शिफारशीप्रमाणे 7 ते 12 महिन्यांच्या बाळाला दिवसाला 11 मिलिग्रॅम लोह लागतं. यावर आपल्याकडचं ठरलेलं उत्तर म्हणजे नाचणी. नाचणी चांगलीच, पण तिची ख्याती खरी कॅल्शियमची: 100 ग्रॅममध्ये साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास. लोह साडेचारच्या जवळपास, आणि धान्यातल्या फायटेट या लोह अडवून धरणाऱ्या घटकामुळे त्यातलंही सगळं अंगी लागत नाही. बाळ एका वेळी खाऊन खाऊन किती पीठ खाणार, पंधरा-वीस ग्रॅम? म्हणजे नुसत्या नाचणीवर हे गणित जमत नाही.

मग शाकाहारी घरात काय करायचं? डाळी, मसूर, छोले, टोफू रोज असू द्या. नाचणी आणि मुगाला मोड आणून, वाळवून दळा, त्याने फायटेट कमी होतं. वरणात लिंबू पिळा, किंवा जेवणाबरोबर संत्र्याचा, पपईचा, किवीचा गर द्या, कारण क जीवनसत्त्वामुळे वनस्पतींतलं लोह जास्त शोषलं जातं. आपण वरणभातावर लिंबू पिळतो ते चवीसाठी, बाळाला ते औषधासारखं उपयोगी पडतं. लोह घातलेलं बाळांचं तयार सीरियल दिवसातून एकदा द्यायला काहीच हरकत नाही, त्यात कमीपणा मानू नका. फक्त डबा उलटून लोहाचा आकडा वाचा, कारण प्रत्येक ब्रँडमध्ये ते घातलेलं नसतं. अंडं चालत असेल तर फारच छान. एवढं करूनही शंका राहिली तर डॉक्टरांना लोहाच्या थेंबांविषयी विचारा. ‘आम्ही मांस देणार नाही, त्याऐवजी हे हे देतोय’ असं त्यांना सरळ सांगा. काहीच न बोलता मान डोलावून घरी येण्यापेक्षा ते बरं.

याच भेटीत स्वतःच्या बी-12ची तपासणीही मागून घ्या. शाकाहारी आईचं बी-12 कमी असेल तर दुधातूनही ते बाळाला कमीच मिळतं, आणि बाळाच्या मेंदूच्या वाढीसाठी ते फार महत्त्वाचं. हा मुद्दा परदेशातल्या डॉक्टरांच्या लक्षात नेहमी येतोच असं नाही. ड जीवनसत्त्वाची गोळी किंवा थेंब तुमच्याकडे जन्मापासून चालू असतील, ते वरचं अन्न सुरू झालं म्हणून बंद करू नका. म्युनिकच्या हिवाळ्यात उन्हाचा भरवसा नाही.

तांदळाबद्दल एक सूचना. तांदूळ जमिनीतलं आणि पाण्यातलं आर्सेनिक इतर धान्यांपेक्षा जास्त ओढून घेतो. म्हणून अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 2020 मध्ये बाळांच्या तांदळाच्या सीरियलसाठी मर्यादा ठरवून दिली. मऊ भात बंद करायची गरज नाही. फक्त तीन त्रिकाळ तांदूळच नको. एकदा भात, एकदा नाचणी, एकदा ओट्स किंवा ज्वारी, असं आलटून पालटून द्या.

शेंगदाण्याबद्दलचा सल्ला गेल्या पंचवीस वर्षांत पार उलटा झाला आहे. 2000 साली अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ सांगत होते की ॲलर्जीचा धोका असलेल्या मुलांना तीन वर्षांपर्यंत शेंगदाणा देऊ नका. 2008 मध्ये तो सल्ला मागे घेतला गेला. 2015 मध्ये ब्रिटनमधल्या ‘लीप’ नावाच्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. त्यात तीव्र एक्झिमा (त्वचेला खाज आणि चट्टे येण्याचा विकार) किंवा अंड्याची ॲलर्जी असलेली 640 बाळं होती. ज्यांना पहिल्या वर्षातच शेंगदाणा सुरू करून नियमित दिला, त्यांच्यात पाचव्या वर्षी शेंगदाण्याची ॲलर्जी न दिलेल्या बाळांपेक्षा सुमारे 80 टक्क्यांनी कमी आढळली. तेव्हा घरात जुनं पुस्तक असेल तर ते पान सोडून द्या. दाण्याचं कूट आपल्या घरात असतंच. ते अगदी वस्त्रगाळ करून पाव चमचा वरणभातात मिसळा. सकाळच्या वेळी, बाळ ठणठणीत असताना, घरीच द्या आणि नंतर दोन तास लक्ष ठेवा. अंगावर गांधी, ओठ सुजणं, लागोपाठ उलट्या असं काही दिसलं तर डॉक्टरांना गाठा. श्वासाला त्रास होत असेल किंवा बाळ एकदम मलूल पडलं तर थेट 112. सोसलं तर आठवड्यातून दोन-तीनदा देत राहा, एकदा देऊन थांबू नका. अंडं, तीळ, काजू, गहू हेही असेच एकेक करून. बाळाला तीव्र एक्झिमा असेल किंवा अंड्याची ॲलर्जी आधीच कळली असेल, तर मात्र शेंगदाण्याआधी डॉक्टरांशी बोला.

काय नको, ती यादी छोटी आहे. मध वर्षभर नको, बोटभर चाटवणंही नको, कारण त्यातल्या जिवाणूंच्या बीजाणूंमुळे लहान बाळाला बॉट्युलिझम हा स्नायू लुळे पाडणारा गंभीर आजार होऊ शकतो. मधाचं बोट सोन्यासकट परंपरेचं असलं तरी. मीठ, साखर, गूळ वर्षभर नको. चहात बुडवलेलं बिस्किटही नको. ते आजोबा गुपचूप देतात, आणि चहा लोह शोषू देत नाही.

बाळगुटीचं मात्र स्पष्ट सांगते: सासूबाईंची माया पिशवीत आहे हे खरं, तरी ती पिशवी बाजूला ठेवा. सहाणेवर कशाचे किती वेढे द्यायचे याचं माप प्रत्येक घरात वेगळं, आणि कोणाच्या हाताने एका वेढ्यात किती उगाळलं जातं तेही वेगळं. जायफळ जास्त झालं तर गुंगी येते. वेखंडातल्या घटकामुळे अमेरिकेत ते अन्नात वापरायला 1968 पासून बंदी आहे. जडीबुटींमध्ये शिसं सापडल्याची उदाहरणंही थोडी नाहीत. हळदीतसुद्धा पिवळा रंग उठून दिसावा म्हणून लेड क्रोमेट हे शिशाचं रसायन मिसळल्याचे प्रकार उघडकीला आले आहेत, म्हणून बाळाच्या वरणातली चिमूट खात्रीच्या, पाकीटबंद हळदीची असू द्या. काजळातही शिशाचा तोच धोका, ते टाळलेलंच बरं.

हे सगळं सासूबाईंना तुम्ही सांगण्यापेक्षा त्यांच्या मुलाने सांगावं. आणि आल्या आल्या त्यांच्याकडे खिमटी भाजण्याचं आणि नाचणीला मोड आणण्याचं काम सोपवा. ते त्यांना तुमच्यापेक्षा चांगलं जमेल आणि तुम्हाला दुपारची झोप मिळेल. बॅगेत तूप, खवा, पेढे नकोत, युरोपात बाहेरून दुधाचे पदार्थ आणायला परवानगी नाही. (नणंदेकडे जाणार असतील तर तांदूळही नको. भारतातून प्रवाशांनी तांदूळ नेण्यावर अमेरिकेत 2011 पासून बंदी आहे.)

सातव्या-आठव्या महिन्यात मिक्सर कपाटात ठेवून द्या. परदेशातल्या आपल्या घरांत ही चूक हमखास होते: अडकेल या भीतीने वर्षापर्यंत सगळं गुळगुळीत, आणि बाहेर जाताना पिळून चोखायचे पाऊच. नऊ महिन्यांपर्यंत गुठळ्या असलेलं अन्न तोंडात आलं नाही, तर पुढे खाण्याचे नखरे वाढतात, असं ब्रिटनमधल्या मुलांच्या दीर्घ अभ्यासात दिसलं आहे. बोटांनी कुस्करलेला भात, उकडलेल्या लाल भोपळ्याची किंवा रताळ्याची बोटाएवढी फोड, इडलीचा तुकडा, वरणात भिजवून मऊ केलेली पोळी. सांडू द्या, माखू द्या. तोंड फिरवलं की जेवण संपलं. मोबाईलवर गाणी लावून आणखी चार घास कोंबले, तर पोट भरल्याचं तिला कळेनासं होतं.

घास पुढे गेला की बाळ ओकारी काढल्यासारखं करतं, खोकतं, लाल होतं, आवाज करतं. हे शिकण्यातलंच आहे, धावू नका. घास खरोखर घशात अडकला तर आवाज येत नाही, खोकता येत नाही, ओठ काळेनिळे पडतात. म्हणून बाळ नेहमी बसून, समोर मोठं माणूस असतानाच खाईल असं बघा. द्राक्षं उभी चार भागांत चिरा. अख्खे दाणे, काजू, बदाम, लाह्या आणि कच्च्या गाजराचे तुकडे अजून काही वर्षं तिच्या हाती लागू देऊ नका. सुरू करण्याआधी बाळांच्या प्रथमोपचाराचा एखादा वर्ग करून घ्या. पाठीवर पाच थापा आणि छातीवर पाच दाब कसे द्यायचे ते तिथे बाहुलीवर करून दाखवतात, भाषा नीट कळली नाही तरी हात बघून शिकता येतं. बाळाला भरवणाऱ्या सगळ्यांनी जायचं, सासूबाईंनीसुद्धा.