रात्री विणलेलं जाळं सकाळी कुठे जातं?

तुम्ही लिहिलंय की दाराबाहेरच्या दिव्याजवळ रोज रात्री हातभर रुंद गोल जाळं असतं, मधोमध जाडसर तपकिरी कोळी उलटा लटकलेला असतो आणि सकाळी बघावं तर जाळंही नाही, कोळीही नाही. रोज नवा कोळी येतो का, तो चावेल का, दिवा बंद केला तर जाईल का आणि जाळं काढून टाकावं का, हे तुमचे प्रश्न.

कोळी बहुधा एकच आहे आणि ती मादी असावी. वर्णनावरून निओस्कोना किंवा लॅरिनिऑइड्स या गटांतल्या कोळ्यांसारखी, म्हणजे गोल जाळं विणणाऱ्या अ‍ॅरेनिडी कुळातली वाटते. नेमकी जात मात्र फोटोवरून सांगता येत नाही, त्यासाठी बऱ्याचदा सूक्ष्मदर्शकच लागतो. दिवसभर ती तिथेच जवळपास असते. वळलेल्या पानात किंवा चौकटीच्या फटीत, आठही पाय अंगाशी ओढून अशी बसते की नजर जाऊनही दिसत नाही. दिवसा पक्षी असतात, कोळ्यांना डंख मारून लुळं करणाऱ्या आणि पिल्लांसाठी मातीच्या घरट्यात कोंबणाऱ्या कुंभारीण माश्या असतात. त्यांच्यापुढे उघड्या जाळ्यात बसणं फार धोक्याचं.

जाळं ती स्वतःच खाते. रेशीम म्हणजे प्रथिन, आणि ते तयार करायला बरंच अन्न खर्ची पडतं. रात्रभरात जाळ्यावर धूळ बसते, किडे धडपडून भोकं पाडतात, चिकटपणा कमी होतो. मग उजाडायच्या आत ती धागे गोळा करून गिळते. डेव्हिड पीकॉल यांनी 1971 साली अ‍ॅरेनियस डायाडेमाटस या कोळ्यावर किरणोत्सारी खूण वापरून दाखवलं की खाल्लेल्या जाळ्यातलं बहुतेक प्रथिन पुढच्या जाळ्यात परत येतं. तुम्हाला रोज दिसणारं नवं जाळं म्हणजे बरंचसं कालचंच रेशीम आहे.

अनेकदा वरचा एक आडवा धागा ती तसाच ठेवते. सकाळी ऊन तिरपं असताना तो शोधा आणि त्याच्या दोन्ही टोकांपाशी नीट बघा. लपायची जागा बहुतेक वेळा तिथेच सापडते.

आता जे तुम्ही विचारलं नाही, पण एकदा तरी बघाच. अंधार पडल्यावर अर्धा-पाऊण तास काढा आणि टॉर्चवर लाल कागद लावा, म्हणजे ती बिचकत नाही आणि किडेही फारसे जमत नाहीत. जुना आडवा धागा नसेल तर ती वाऱ्यावर एक धागा सोडते आणि तो पलीकडे कुठेतरी अडकेपर्यंत थांबते. त्यावरून ये-जा करून तो पक्का करते, मग चौकट, मग केंद्रातून निघणारे आरे. त्यानंतर केंद्राकडून बाहेर जाणारं एक विरळ, कोरडं वेटोळं घालते. ते फक्त पुढच्या कामात पाय ठेवायला असतं.

खरं काम यानंतर सुरू होतं आणि सगळ्यात जास्त वेळही यालाच लागतो. ती बाहेरून आत येत चिकट धागा घालते. पुढच्या पायाने आधीचा फेरा चाचपायचा, मागच्या पायाने धागा ओढायचा, पोटाचं टोक आऱ्याला टेकवायचं, की पुढचा आरा. सोबतच ते कोरडं वेटोळं कापत जायचं. डोळे आठ असले तरी तिची नजर अधू असते. हे सगळं अंतर ती स्पर्शाने मोजते, म्हणून काळोखात काही अडत नाही.

हा चिकट धागा भिंगातून बघा. डिंक सुरुवातीला धाग्यावर सलग पसरलेला असतो, पण पृष्ठताणामुळे त्याचे सारख्या अंतरावर थेंब होतात. थेंबांतले क्षार हवेतली ओल ओढून घेतात आणि त्यामुळे डिंक मऊ राहतो. प्रत्येक जातीचा डिंक ती जात जिथे शिकार करते तिथल्या दमटपणात सर्वात चांगला चिकटतो, असं संशोधनात दिसलं आहे. रात्रीच्या कोळ्यांचा डिंक रात्रीच्या ओलसर हवेसाठीच बनलेला आहे. मला तर या प्राण्यातली सर्वात थक्क करणारी गोष्ट हीच वाटते.

विणायची वेळही तिच्या आतच ठरलेली असते. जर्मनीत ट्युबिंगनला हान्स पेटर्स कोळ्यांचा अभ्यास करत होते, पण त्यांचे कोळी पहाटेच्या आधीच विणून मोकळे होत. 1948 साली त्यांनी पीटर विट या औषधशास्त्रज्ञाला विचारलं की काही देऊन ही वेळ पुढे ढकलता येईल का. विट यांनी निरनिराळी द्रव्यं पाजून पाहिली. जाळ्यांचा आकार बदलला, वेळ काही बदलली नाही.

विणून झालं की ती डोकं खाली करून केंद्रात बसते, कारण वर चढण्यापेक्षा खाली धावणं सोपं. जाळ्याचा खालचा भाग म्हणूनच मोठा असतो. पाय आऱ्यांवर, आणि किडा कुठे धडपडतोय ते कंपनांवरून कळतं. पतंग असेल तर घाई करावी लागते, कारण पंखांवरचे खवले डिंकाला चिकटून राहतात आणि पतंग निसटतो.

दिव्याबद्दल. व्हिएन्नातल्या एका पुलावर अ‍ॅस्ट्रिड हाइलिंग यांनी लॅरिनिऑइड्स स्क्लोपेटॅरियस या जातीचा अभ्यास केला, तो 1999 साली प्रसिद्ध झाला. कठड्याच्या उजेडातल्या भागात या कोळ्यांची गर्दी होती. प्रयोगशाळेत वाढलेले कोळीसुद्धा उजेडाची बाजू निवडत होते. दिव्यामुळे शिकार जास्त मिळते हे खरं. पण ऑस्ट्रेलियात अशाच एका निशाचर कोळ्याची पिल्लं रात्रीच्या उजेडात वाढवली, तेव्हा ती लवकर प्रौढ झाली, आकाराने लहान राहिली आणि त्यांनी अंडीही कमी घातली. त्यामुळे काम नसेल तेव्हा दिवा जरूर बंद करा. ती लगेच निघून जाईल असं नाही, पण तिचं भलंच होईल.

चावण्याची भीती नको. दाबली गेली तरच चावते आणि या कोळ्यांचं विष माणसाला घातक मानलं जात नाही.

जाळं जाण्यायेण्याच्या वाटेत येत असेल तर ते रात्री, नुकतं विणलेलं असताना तोडू नका. तिचा सगळा खर्च तेव्हाच झालेला असतो आणि पोटात अजून काही गेलेलं नसतं. त्याऐवजी सकाळी तो आडवा धागा काठीने काढून टाका. संध्याकाळी तिला नवा धागा सोडावा लागेल आणि तो दुसरीकडे अडकण्याची शक्यता बरीच असते. दोन-तीनदा करावं लागेल. आसपास रेशमाची गुंडाळी दिसली तर ती तेवढी राहू द्या, त्यात शेकडो अंडी असू शकतात.