विषाणूची डीएनए प्रत मूळ आरएनएपेक्षा लांब कशी?

प्रश्न : मी कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते. रेट्रोव्हायरस आपल्या आरएनएची डीएनए प्रत तयार करतात, एवढे एक वाक्य आम्ही वर्गात सांगतो आणि पुढच्या धड्याकडे वळतो. यंदा एका विद्यार्थिनीने विचारले, की एचआयव्हीचा आरएनए सुमारे ९२०० न्यूक्लिओटाइडांचा (साखळीतील दुव्यांचा) असताना त्यापासून होणारा डीएनए सुमारे ९७०० जोड्यांचा कसा? मला उत्तर देता आले नाही.
— एक शिक्षिका, सांगली

उत्तर : तुमच्या विद्यार्थिनीने नेमक्या वर्मावर बोट ठेवले आहे. ही वाढीव पाचशेची लांबी नकलेतील चूक नव्हे. ती भरून निघाली नाही, तर विषाणूचा वंश एका पिढीतच खुंटेल.

रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज हे विकर (एन्झाइम) विषाणू स्वतःबरोबरच पेशीत आणतो. आरएनए किंवा डीएनएचा साचा वाचून डीएनए गुंफणे आणि डीएनएशी जोडी जमलेला आरएनए कुरतडणे, अशी दोन्ही कामे ते करते. मात्र कोऱ्या साच्यावर पहिला टाका त्याला घालता येत नाही. आधीच्या तुकड्याच्या टोकाला पुढचा दुवा जोडणे एवढेच त्याला जमते. हा आरंभीचा तुकडा, म्हणजे प्राइमर, विषाणू ज्या पेशीत घडतो तिच्याकडूनच उचलून आणतो. एचआयव्हीत तो लायसिन हे अमिनो आम्ल वाहून नेणारा टी-आरएनए असतो, तर कोंबड्यांच्या राउस सार्कोमा विषाणूत ट्रिप्टोफॅन वाहून नेणारा. या टी-आरएनएच्या शेवटच्या १८ न्यूक्लिओटाइडांची विषाणूच्या आरएनएशी जोडी जमते.

वर्गात दाखवायचे असेल, तर कागदाची एक लांब पट्टी घ्या; ती म्हणजे विषाणूचा आरएनए. आता त्याच्या भागांची नावे लिहू : तिच्या डाव्या टोकाला ‘आर’ लिहा, त्याला लागून ‘यू-५’ आणि मग प्राइमरची जागा. मध्ये सगळी जनुके येतील. उजवीकडे आधी अॅडेनिन आणि ग्वानिन यांचा, म्हणजे निव्वळ प्युरीनांचा, छोटा पट्टा, मग ‘यू-३’ आणि अगदी टोकाला पुन्हा ‘आर’. दोन्ही टोकांचे ‘आर’ सारखेच आहेत, हे मुलांना आवर्जून दाखवा, कारण पुढचे सगळे त्यावरच अवलंबून आहे.

आता अडचण पाहा. प्राइमर बसतो तो डाव्या टोकापासून अवघ्या १८० न्यूक्लिओटाइडांवर, आणि विकर सरकते तेही डावीकडेच. ‘यू-५’ आणि ‘आर’ यांची नक्कल होते न होते तोच साचा संपतो आणि नऊ हजार न्यूक्लिओटाइडे तशीच राहतात. तेव्हा विकराचे कुरतडण्याचे काम कामी येते. नक्कल झालेला आरएनए तुटून गेला, की डीएनएचा तो लहानसा तुकडा मोकळा होतो, आणि त्यातील ‘आर’ची नक्कल पट्टीच्या उजव्या टोकावरील ‘आर’शी जुळते. ही पहिली उडी. आता तोच तुकडा प्राइमरसह उजव्या टोकाला येऊन बसल्यामुळे विकर तेथून ‘यू-३’ आणि सारी जनुके वाचत प्राइमरच्या जागेपर्यंत डावीकडे जाऊ शकते.

या वाटेवर मागचा आरएनए कुरतडला जात असतो, पण प्युरीनांचा पट्टा त्यातून वाचतो आणि डीएनएच्या दुसऱ्या पदराचा (साखळीचा) प्राइमर होतो. दुसरा पदर तेथून उजवीकडे निघतो, ‘यू-३’, ‘आर’, ‘यू-५’ असे करत टी-आरएनएच्या १८ न्यूक्लिओटाइडांचीही नक्कल करतो आणि मिथिल गट चिकटलेल्या १९व्या न्यूक्लिओटाइडापाशी थांबतो. मग टी-आरएनए निखळतो, ही १८ अक्षरे पहिल्या पदराच्या डाव्या टोकावरील आपल्या जोडीदारांशी जुळतात आणि दुसरी उडी होते. त्यानंतर दोन्ही पदर एकमेकांचा साचा वापरून पूर्ण होतात. तयार झालेल्या दुपदरी डीएनएच्या दोन्ही टोकांना ‘यू-३, आर, यू-५’ असा पूर्ण संच असतो. डावीकडे जादा आलेला ‘यू-३’ सुमारे ४५० जोड्यांचा आणि उजवीकडे जादा आलेला ‘यू-५’ ८०च्या आसपास; विद्यार्थिनीने विचारलेल्या फरकाचा हिशेब येथे लागतो.

हा सगळा खटाटोप कशासाठी, हेही मुलांना जरूर सांगा. हा डीएनए पेशीच्या गुणसूत्रात शिवला गेल्यावर त्यापासून नवा आरएनए काढण्याचे काम पेशीची यंत्रणा करते, आणि ‘येथून वाचा’ ही खूण ‘यू-३’मध्ये असते. पण वाचन सुरू होते ते ‘आर’पासून. म्हणजे खूण असलेला भाग नव्या आरएनएच्या डाव्या टोकाला उतरतच नाही. त्याची नक्कल केवळ उजव्या टोकाला मिळते. उड्यांमुळे तो पुन्हा डावीकडे आणून बसवला जातो. मला या यंत्रणेत सर्वांत विलक्षण वाटते ते हेच.

रेट्रोव्हायरस डीएनएच्या रूपातून जात असावेत, हे शास्त्रज्ञ हॉवर्ड टेमिन यांनी १९६४मध्येच मांडले होते, कारण डीएनएवरून आरएनए तयार होणे रोखणाऱ्या अॅक्टिनोमायसिन-डीमुळे राउस विषाणूची वाढ थांबत होती. सहा वर्षे फारसे कोणी ते मानले नाही. १९७०मध्ये टेमिन व सातोशी मिझुतानी यांनी, आणि स्वतंत्रपणे डेव्हिड बाल्टिमोर यांनी, रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज हे विकर प्रत्यक्ष दाखवून दिले.

प्रश्न : घरातील एका व्यक्तीला एआरटी (एचआयव्हीविरोधी उपचार) केंद्रातून रोज एक गोळी मिळते. तपासणीत विषाणू ‘आढळत नाही’ असे येते. मग गोळी बंद का करायची नाही?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : अशा एका गोळीत बहुधा टेनोफोविर, लॅमिव्हुडीन आणि डोल्युटेग्राविर ही तीन औषधे असतात. पहिली दोन डीएनएच्या दुव्यांसारखीच दिसतात, त्यामुळे रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज ती साखळीत ओवते. पण पुढचा दुवा अडकवण्यासाठी लागणारा हायड्रॉक्सिल गट त्यांच्यात नसल्याने साखळी तेथेच थांबते. तिसरे औषध तयार डीएनए गुणसूत्रात शिवण्याचे काम अडवते. रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज आपल्या चुका तपासत नाही, त्यामुळे नकलांमध्ये सतत बदल होतात आणि एकट्या औषधाला चुकवणारा विषाणू निपजू शकतो; म्हणून औषधे एकत्र दिली जातात.

ही तिन्ही औषधे नव्या पेशींच्या गुणसूत्रांतील विषाणूचा शिरकाव थांबवतात. उपचारापूर्वीच ज्या पेशींच्या गुणसूत्रात विषाणूचा डीएनए जाऊन बसला आहे, त्यांतून तो काढणे त्यांना शक्य नाही. त्यांतील काही स्मृतिपेशी (पूर्वीचा संसर्ग लक्षात ठेवणाऱ्या रोगप्रतिकारक पेशी) वर्षानुवर्षे निष्क्रिय राहतात, आणि नेहमीची तपासणी रक्तद्रवातील आरएनए मोजत असल्यामुळे तिला त्या दिसत नाहीत. गोळी बंद झाली, की बहुतेकांमध्ये काही आठवड्यांत विषाणू पुन्हा आढळू लागतो. याउलट, गोळी नियमित घेऊन तो आढळेनासा राहिला, तर लैंगिक संबंधातून जोडीदाराला संसर्ग होत नाही. गोळीचा काही त्रास होत असेल, तर ती परस्पर न थांबवता केंद्रातील डॉक्टरांना सांगावे. पर्यायी औषधे उपलब्ध आहेत.