पत्र्याला हात न लावता रुंद टायर: रुंदीच्या आधी रिमचा ईटी (ऑफसेट) बघा

तुमचा प्रश्न मला असा समजला: २०१९ ची स्विफ्ट व्हीएक्सआय, लोखंडी रिमवर कंपनीचे १६५/८० आर१४ टायर, कासारवडवली ते ठाणे स्टेशन रोजची ये-जा. दुकानदार २०५/६५ आर१५ टायर आणि ७जे (म्हणजे ७ इंच रुंद) अलॉय रिम गळ्यात मारतोय, आणि "घासलंच तर फेंडरची कड आत वळवून देऊ" म्हणतोय. तुम्हाला पत्र्याला हात लावायचा नाही.

अजिबात लावू नका. मागच्या चाकावरच्या कमानीत आतला आणि बाहेरचा पत्रा जिथे जोडलेला असतो, तीच ही कड. ती वळवली की रंग आणि सीलंट तडकतं. मग आपल्याकडच्या चार महिन्यांच्या पावसात पाणी नेमकं तिथे मुरतं. गंज आतून धरतो आणि बाहेर फोड दिसेपर्यंत पत्रा कुजलेला असतो.

आता मापं. तुमच्या टायरचा पूर्ण व्यास ६१९.६ मिमी: टायरच्या बाजूच्या भिंतीची उंची १६५ मिमी रुंदीच्या ८० टक्के, म्हणजे १३२, तिची दुप्पट अधिक १४ इंचांचे ३५५.६. दुकानदाराच्या २०५/६५ आर१५ चा व्यास येतो ६४७.५. साडेचार टक्के मोठा. म्हणजे टायर कमानीच्या दिशेने १४ मिमी वर सरकणार, आणि स्पीडोमीटर १०० दाखवेल तेव्हा तुम्ही १०४ च्या वर असाल. घासायची निम्मी तयारी इथेच झाली, रुंदीचा विषय अजून निघालाही नाही.

बहुतेक लोक फक्त १८५, १९५, २०५ एवढंच बघतात. खरा खेळ ऑफसेटचा असतो, म्हणजे रिमच्या पाठीमागे कोरलेला ईटी आकडा: रिमच्या रुंदीच्या मध्यापासून गाडीला टेकणारी बाजू किती मिमी बाहेर आहे ते. ईटी कमी झाला की चाक बाहेर येतं, वाढला की आत जातं. समजा जुनं रिम ५.५जे ईटी ४५ आहे आणि नवं ६.५जे ईटी ३८. रिम एक इंचाने रुंद झालं, ते दोन्हीकडे साडेबारा-साडेबारा मिमी वाटलं गेलं. ईटी ७ ने घटला म्हणून अख्खं चाक ७ मिमी बाहेर सरकलं. हिशोब असा: बाहेरच्या बाजूला जवळपास २० मिमी वाढ, आतल्या बाजूला जेमतेम ६. तोच टायर ईटी ४५ च्या ६.५जे वर चढवला तर दोन्हीकडे सारखी वाढ होऊन निभावून जाईल. म्हणून "२०५ बसतो का?" या प्रश्नाला रिमचा ईटी सांगितल्याशिवाय उत्तर नाही. आणि बसत नाही म्हणून कोणी स्पेसर घालायला सांगितला तर तिथून निघा, स्पेसर चाक आणखी बाहेरच ढकलतो.

पैसे देण्याआधी एक चाक पुढे आणि एक मागे चढवून बघायचा आग्रह धरा. मी शाडूच्या मातीने मोजतो. लिंबाएवढे ओले गोळे घ्या. एक पुढच्या लायनरवर (कमानीच्या आतलं प्लॅस्टिकचं आवरण) बंपरच्या कोपऱ्यापाशी, एक आत शॉकपच्या (शॉक ॲब्सॉर्बरच्या) नळीवर टायरसमोर, एक मागच्या कमानीच्या कडेला आतून. ब्रेकची डिस्क आणि पाइप यांच्यापासून लांब ठेवा. मग सोसायटीच्या रॅम्पवर गाडी तिरपी चढवा, म्हणजे पुढचं एक चाक आणि त्याच्या कर्णातलं मागचं चाक दबेल. स्टिअरिंग दोन्हीकडे टोकापर्यंत फिरवा. उतरून बघा, दबलेल्या मातीची जाडी हीच तुमची उरलेली फट. शॉकपपाशी ५ मिमी आणि कमानीपाशी १० मिमी याच्या खाली मी जात नाही.

हे सगळं पाच माणसं बसवून करा, रिकाम्या गाडीत नको. माझ्या आधीच्या गाडीला मी ७जे रिमवर २०५ चढवले होते. दोन महिने ठाण्यात एकदाही आवाज नाही. गणपतीला पाच जण आणि भरलेली डिकी घेऊन गावी निघालो, वडखळच्या पुढे खड्ड्यांत मागून जळक्या रबराचा वास यायला लागला. उतरून हात फिरवला तर टायरच्या खांद्यावर (नक्षी संपून भिंत सुरू होते तिथे) बोटभर रुंदीचा गुळगुळीत पट्टा, आणि त्यात कडेने कापलेली चीर. मुलं मागे बसली होती. तो टायर तिथेच बदलला आणि गावाहून आल्यावर चारही रिम विकून टाकले. गायमुखच्या घाटात वळणावर खड्डा आला की हेच होतं: चाक वळलेलं आणि शॉकप पूर्ण दबलेला, दोन्ही एकाच वेळी.

पावसाचाही विचार करा. टायर जितका रुंद, तितकं पाणी बाजूला सारायला जास्त, आणि वजन तेवढंच. माजिवड्याला पुलाखाली पाणी साचलं की रुंद टायर कमी वेगातच तरंगायला लागतो. स्टिअरिंग जड होतं, मायलेजही थोडं पडतं.

तुमच्या गाडीला मी १८५/६५ आर१५ घालेन. याच गाडीच्या वरच्या झेडएक्सआय मॉडेलला कंपनी हेच माप देते, व्यास ६२१.५, म्हणजे फरक नावालाच. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडी मूळ तपशिलापेक्षा वेगळी करण्यावर बंधन घालतं. कंपनीच्याच मापात राहिलात तर विम्याच्या वेळीही वाद कमी. खरंच आणखी रुंद हवा असेल तर १९५/६० आर१५, व्यास ६१५, ६जे रिमवर, आणि ईटी झेडएक्सआयच्या रिमएवढाच. त्याच्या पुढे मी जाणार नाही.

टायरवर लोड इंडेक्स, म्हणजे एक टायर किती वजन पेलतो त्याचा आकडा, किमान ८५ (५१५ किलो) बघा. या मापांत सहसा ८८ मिळतो, तो ५६० किलोचा. रिमचा पीसीडी ४×१०० (चार नट, १०० मिमी व्यासाच्या वर्तुळावर) आणि मधलं भोक ५४.१ मिमी. बाहेरच्या अलॉयचं भोक मोठं असतं, तेव्हा हबरिंग (भोक आणि गाडीचा हब यांच्यातली फट भरणारी कडी) मागून घ्या, नाहीतर बॅलन्सिंग करूनही स्टिअरिंग थरथरत राहील. नट अलॉयचेच हवेत, लोखंडी रिमचे परत लावू देऊ नका. शंभरेक किलोमीटर झाले की पान्याने पुन्हा आवळून घ्या.

दुकानात गेलात की रिम उलटं करून पाठीमागचा जे आणि ईटी यांचा फोटो काढा आणि इथे टाका. फट किती उरेल ते मोजून सांगतो, तोवर ॲडव्हान्स देऊ नका.